जुळ्या डिस्कांचा मृत्यू

१. गेंडा गेला

सोमवारी सकाळी स्टुडिओतल्या सगळ्यात महागड्या मशीनमधून एक आख्खा गेंडा नाहीसा झाला, तेव्हा मालकांना पहिल्यांदा काय सुचलं असेल? शोधाशोध? छे! खापर कोणाच्या डोक्यावर फोडायचं ते सुचलं. आणि डोकं समोरच होतं. बारकीचं.

बारकी म्हणजे स्टुडिओतली सगळी कॉम्प्युटर मशीनं सांभाळणारी मुलगी. उंची बेताची म्हणून नाव बारकी. आणि गेंडा म्हणजे स्टुडिओचा कार्टून चित्रपट. एक महाआळशी गेंडा चंद्रावर जायला निघतो, अशी गोष्ट. दोन वर्षं सगळ्यांनी मिळून त्या गेंड्याची एकेक सुरकुती रंगवली होती, आणि गुरुवारी तो ज्यांनी विकत घेतला होता त्यांच्याकडे पोचायचा होता.

हा गेंडा राहायचा एडिटिंगच्या खोलीतल्या मोठ्या मशीनमध्ये. त्यात बारकीने दोन जाडजूड डिस्क बसवल्या होत्या, जुळ्या बहिणींसारख्या. एकीवर जे लिहिलं जाईल तेच तत्क्षणी दुसरीवरही. एक मेली तरी दुसरी असतेच. पडद्यावर मात्र दोन्ही मिळून एकच डिस्क दिसायची आणि तिचं नाव होतं ‘गेंडा’.

त्या सकाळी बारकीने मशीन चालू केलं आणि ‘गेंडा’ नव्हता. बंद करून पुन्हा चालू केलं. नव्हता. तिच्या तोंडून जी किंकाळी निघाली, तिने पाच मिनिटांत सगळा स्टुडिओ खोलीत गोळा झाला.

“सांगत होतो की नाही?” मेहुणेसाहेब म्हणाले.

मेहुणेसाहेब म्हणजे मालकांच्या बायकोचे भाऊ. पद: खरेदीप्रमुख. पात्रता: बहिणीचं लग्न चांगल्या ठिकाणी झालं, ही. शनिवारीच त्यांची आणि बारकीची जुंपली होती. स्टुडिओत नवीन मशीनं यायची होती आणि त्यात डिस्क कोणत्या घ्यायच्या, हे ठरवायला मालकांनी चक्क शर्यत लावली होती. एका बाजूला मेहुणेसाहेबांची लाडकी ‘काडी’, म्हणजे च्युइंगगमच्या पट्टीएवढी एनव्हीएमई डिस्क. तिला वायर नाही, काही नाही, थेट मदरबोर्डवरच्या स्लॉटमध्ये बसते. दुसऱ्या बाजूला बारकीच्या, साटा नावाच्या वायरने जोडायच्या डिस्क. काडी वाऱ्यासारखी पळाली आणि वायरवाल्या डिस्क बैलगाडीसारख्या. बारकी घसा फोडून सांगत राहिली, “कामाला काडी घ्या, कोण नको म्हणतंय? पण साठवायला जुळ्या डिस्क हव्यातच! आणि तिसरी एक प्रत इमारतीबाहेर!” पण मालकांना आकडे आवडतात, आणि काडीचे आकडे मोठे होते. बाहेरच्या प्रतीचं नाव काढलं की ते जांभई देत.

आता त्यांनी जांभई दिली नाही. ते लाल झाले.

“दोन्ही डिस्क गेल्या? दोन्ही? हीच का तुझी जुळी सुरक्षा?”

“सर, मला फक्त मशीन उघडून बघू द्या...”

“हात लावायचा नाही! उरलंसुरलं पण घालवशील. संध्याकाळपर्यंत टेबल रिकामं कर. आणि या धंद्यात तुला दारात कोण उभं करतं तेच बघतो मी.”

कोणीतरी हळूच म्हणालं, “नशीब, प्रीव्ह्यू तरी शिल्लक आहेत.” प्रीव्ह्यू म्हणजे एडिटिंग भराभर व्हावं म्हणून मशीन स्वतःसाठी बनवतं त्या छोट्या, धुरकट नकला. त्या वेगळ्या डिस्कवर असतात. सगळी दृश्यं त्यात होती, पण कशी? गेंडा अंगठ्याएवढा आणि चंद्र म्हणजे पापडाचा डाग. तसला चित्रपट थिएटरात दाखवला असता तर लोकांनी चष्मे पुसून पुसून फोडले असते.

एडिटरबाईंनी बारकीला पाण्याचा ग्लास दिला. बारकी तो घेऊन जिन्यात गेली, पायरीवर बसली आणि आत्याला फोन लावला. रडत रडत सगळं सांगितलं.

मग आत्या म्हणाली, “दोन्ही एकदम गेल्या?”

“हो.”

“मग डोळे पूस. गेल्या नाहीत त्या. कोणीतरी ते मशीन उघडलंय.”

२. आत्या येते

आत्याचा धंदा मेलेल्या डिस्क जिवंत करण्याचा. लोकांचे लग्नाचे फोटो, प्रबंध, कंपन्यांचे हिशेब, सगळं ती बंद पडलेल्या डिस्कांमधून उपसून काढायची. इतकी वर्षं हे करून तिचं एक ठाम मत झालं होतं: माणूस हा डिस्कला होणारा रोग आहे.

दुपारी ती दारात उभी राहिली तेव्हा मालकांनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. “आपण कोण?”

“हिची आत्या.”

“हे ऑफिस आहे, बाई. पालकसभा नाही.”

“कळलं मला. पालकसभेत निदान एखादा तरी शिकलेला असतो.”

मालकांनी दाराकडे बोट केलं. आत्याने तेवढ्यात सौदा उरकला. “गुरुवारी काय दाखवणार आहात लोकांना? धुरकट अंगठा? संध्याकाळपर्यंत मला बघू द्या. गेंडा मिळाला तर तुमचाच आहे. नाही मिळाला तर आहेच की माझी पुतणी, तुमच्या शिव्या खायला.”

गरजवंताला अक्कल नसते म्हणतात; मालकांना तशीही नव्हती. त्यांनी मान हलवली.

खोली छोटीशी. खिडक्यांना काळे पडदे, भिंतीवर जाड फोम आणि टेबलाखाली ते काळं धूड. समोरच्या यूएसबीच्या सगळ्या भोकांमध्ये प्लास्टिकची बुचं ठोकलेली. चित्रपट कोणी चोरून नेऊ नये म्हणून मालकांनी केलेली ही हिकमत.

“वा,” आत्या म्हणाली. “पुढच्या दाराला कुलूप आणि भिंतच नाही.”

तिने धुडाचं बाजूचं झाकण काढलं, आत फक्त एक हात घातला आणि तळवा त्या दोन डिस्कांवर ठेवला, आजारी पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. डोळे मिटले.

“ये इकडे, बारके. तूही ठेव.”

बारकीने हात ठेवला. दोन्ही डिस्क कोमट होत्या. दोन्ही बारीक थरथरत होत्या, एकसारख्या, कुठे खरखर नाही की टकटक नाही.

“फिरतायत!” बारकी ओरडली.

“ठणठणीत आहेत. यांना वीज मिळतेय, या आपल्या जागी फिरतायत, पण मदरबोर्ड म्हणतोय, मी नाही यांना ओळखत. आता सांग, दोन्ही वायर एकाच मिनिटाला आपोआप तुटतील का?”

बारकीच्या डोक्यात काहीतरी लख्खकन चमकलं. “आत्या, म्हणजे ग्राफिक्स कार्डच्या खाली जो दुसरा...”

“श्श!” आत्याने झाकण लावून टाकलं. “ते कुठे पळून जात नाही. पळतात ती माणसं. आधी माणसं बघू. रविवारी इथे कोण कोण होतं?”

रविवारी बारकी घरी होती. स्टुडिओत तिघंच येऊन गेले होते: मेहुणेसाहेब, साउंडवाला आणि एडिटरबाई.

३. पेटीत काय होतं

मेहुणेसाहेबांच्या टेबलावर कागदाचा कपटा नव्हता. काम करणाऱ्याच्या टेबलावर पसारा असतो. मध्यभागी फक्त एक चकचकीत पेटी होती, काळी आणि सोनेरी, अंगठीची असावी तशी. शनिवारच्या शर्यतीतली विजेती काडी त्यांनी तिच्यात ठेवली होती आणि येईल त्याला ते ती पेटी लांबून दाखवत होते.

“बाईसाहेब, जग कुठे चाललंय!” त्यांनी सुरुवात केली. “साटा म्हणजे बोळ आणि ही म्हणजे हमरस्ता! दहा-बारा पट वेग! वायर गेली, जमाना बदलला...”

“हे त्या माहितीपत्रकात तिसऱ्या पानावर आहे,” आत्या म्हणाली. “चौथं पान वाचलंत? मोठी फाइल सलग लिहीत राहिलं की काडी तापते आणि मग तीही बोळात शिरते.”

“चौथं... हो, म्हणजे चाळलं.”

“आणि मेली तर न सांगता मरते. जुनी डिस्क बिचारी आधी कण्हते तरी. म्हणून जोडी ठेवायची, काडी असो की वायर असो. वेगवान कोण आणि भरवशाची कोण, ही शर्यतच नव्हे. धावणारा वेगळा आणि राखण करणारा वेगळा. राखणदाराला कोणी पळायला लावतं का?”

मेहुणेसाहेब हसले. न कळलेली माणसं हसतात तसे. आणि न कळलेल्या माणसाला एक गोष्ट हमखास करावीशी वाटते, ती म्हणजे विषय बदलणे.

“मी रविवारी आलो होतो खरा. घरी पाहुण्यांची कटकट, आणि इथे एसी फुकट. या खुर्चीवर झोपलो, दुपारी उठून शीळ घालत घरी गेलो. विचारा कोणालाही.”

“ही पेटी बघू.”

“अवश्य! पण हात नका लावू हं, नाजूक असते.” त्यांनी दोन बोटांनी झाकण उचललं, एखाद्या राजाचा मुकुट दाखवावा तसं.

आत काळा मखमली फोम होता. फोममध्ये च्युइंगगमएवढा खळगा होता. खळग्यात काही नव्हतं.

४. गेंड्याचं घोरणं

“मेहुण्या!” दारात उभे असलेले मालक गरजले.

“मी नाही! आईशप्पथ! मी तर उघडलीच नाही शनिवारपासून!”

“तेच तर,” आत्या म्हणाली. “रिकामी पेटी दोन दिवस मिरवलीत.” तिने पर्समधून दुसरी एक काडी काढली आणि सगळ्यांना घेऊन ती शेजारच्या गोदामखोलीत गेली. शनिवारची शर्यत ज्याच्यावर झाली ते चाचणीचं मशीन तिथे उघडंच पडलं होतं. “पेटीतली काडी ज्याने नेली त्याने ती कुठेतरी बसवलीच असणार. घ्या, मेहुणेसाहेब. बसवून दाखवा.”

खरेदीप्रमुखांनी काडी घेतली ती नेमकी तिच्या सोनेरी दातांवर घामट अंगठा दाबून. मग ती स्लॉटवर आडवी ठेवली आणि वरून दाबली. बसेना. उलटी करून दाबली. मग स्टँप चिकटवावा तसा तळहाताने दाब दिला. कपाळावर घाम आला.

“तिरकी घालायची असते,” बारकीच्या तोंडून निघून गेलं. “तिरकी सरकवायची, मग आडवी करायची आणि शेवटी एवढुसा स्क्रू लावायचा.”

“स्क्रू असतो?” मेहुणेसाहेबांनी विचारलं.

रंगवणाऱ्या मुली भिंतीकडे तोंड करून हसायला लागल्या.

“सोडा यांना,” आत्या म्हणाली. “चोरालासुद्धा थोडं काम यावं लागतं.”

मग पाळी आली साउंडवाल्याची. त्याला सगळे भोंगा म्हणत, कारण तो कुजबुजला तरी पार्किंगमध्ये ऐकू जायचं. भोंगा स्टुडिओतच सोफ्यावर झोपायचा, सगळ्या खोल्या त्याला उघड्या होत्या आणि चित्रपटाच्या नामावलीत त्याचं नाव मेहुणेसाहेबांच्या खाली टाकल्यामुळे तो धुमसत होता.

“धुमसणारच!” तो म्हणाला आणि खिडकीची काच थरथरली. “गेंड्याचं घोरणं कोणाचं आहे? माझं! पळताना धापा कोणाच्या? माझ्या! आणि याचं काय? याने एसी खाल्ला!”

“रविवारी दुपारी काय करत होतास?”

“घोरत होतो.”

“झोपला होतास?”

“नाही हो, आत्या! माइकसमोर घोरत होतो! शेवटच्या दृश्यासाठी. आणि एक टेक धड होऊ दिला नाही. बाजूच्या खोलीत ते मशीन चालू केलं की पंखा आधी भोंऽऽ करून बोंबलतो ना, तसं तीनदा झालं. चालू, बंद, चालू, बंद. मी भिंतीवर गुद्दे पण मारले. थांबा, ऐकवतो.”

त्याने ऐकवलं. आधी एक अप्रतिम, ओलसर, भरदार घोरणं. त्याच्यामागे, भिंतीपलीकडून, भोंऽऽ. मग घोरणं थांबतं आणि धाड धाड धाड. मग “अरे ए, कोण आहे रे तिकडे!” आणि पुन्हा, भिंतीपलीकडून, भोंऽऽ.

आत्याच्या ओठाचा एक कोपरा वर गेला. तिच्या बाबतीत याला हसू म्हणायचं. “एकाच वेळी इथे घोरणारा आणि तिकडे मशीन चालू करणारा माणूस अजून जन्माला यायचाय. तूही सुटलास.”

एडिटरबाई शांत होत्या. त्या नेहमीच शांत असत. पांढरी शाल, नीट बांधलेले केस, टेबलावर ओळीत लावलेल्या पेन्सिली. बारकीला कामाला लागल्यापासून त्यांनीच सांभाळून घेतलं होतं. शनिवारी चाचणीच्या मशीनवर तिला टॉर्चही त्यांनीच धरला होता.

“मी दुपारी आले होते,” त्या म्हणाल्या. “शेवटचं दृश्य जोडलं, नेहमीसारखं सगळं आवरलं आणि गेले. तेव्हा सगळं छान चालू होतं.”

“मशीन बंद-चालू केलंत?”

“नाही बाई. माझ्यानंतर कोणी आलं असेल.”

मालकांनी टाळी वाजवली. एकच. “संपलं! मेहुण्याला येत नाही. भोंगा घोरत होता. बाईंना मी वीस वर्षं ओळखतो. मग काडी बसवता कोणाला येते? चाव्या कोणाकडे असतात? शर्यत हरल्याचा राग कोणाला होता?” त्यांनी बारकीकडे बोट रोखलं. “नोकरी गेली म्हणालो होतो. आता पोलिसांनाच बोलावतो.”

आत्याने नुसती पुतणीकडे मान वळवली.

५. चोराने स्वतःला कसं लुबाडलं

बारकीला वाटलं, आत्या आपल्याला वाचवेल. मग तिच्या लक्षात आलं की आत्याला गणिताचं अर्धंच उत्तर माहीत आहे. उरलेलं अर्धं स्टुडिओत रोज काम करणाऱ्यालाच येणार. आणि मग भीती वितळून तिच्या जागी एक वेगळीच चीज आली. संताप. मस्त, गरमागरम, ताजा संताप!

“बोलवा पोलिसांना,” ती म्हणाली. “पण आधी आत्याला अर्धं सांगू दे. उरलेलं मी सांगते.”

आत्याने मशीन बंद केलं, झाकण काढलं आणि विटेएवढं ग्राफिक्स कार्ड उपसून बाहेर ठेवलं. त्याच्या खाली, सावलीत, मदरबोर्डच्या दुसऱ्या स्लॉटमध्ये, मेहुणेसाहेबांची काडी गुपचूप बसली होती.

“माझी काडी!” मेहुणेसाहेब पुढे धावले. आत्याने त्यांना नजरेनेच भिंतीला लावलं.

“नीट ऐका, कारण मी मठ्ठ माणसांना एकदाच समजावते. कोणालातरी गेंड्याची प्रत हवी होती. यूएसबीला बुचं. साध्या वायरच्या डिस्कवर प्रत करायची तर फार वेळ लागणार. म्हणून ही काडी. चाचणीच्या मशीनवर ती दोन्हीपैकी कुठल्याही स्लॉटमध्ये बिनतक्रार चालते, तिथे ते सगळ्यांनी बघितलं होतं. पण हे मशीन वेगळं आहे. या मदरबोर्डवर दुसरा स्लॉट आणि साटाची पाचवी-सहावी वायर यांना आत जायला रस्ता एकच. काडी बसली की बोर्ड तो रस्ता तिला देऊन टाकतो आणि त्या दोन वायरींना दार बंद करतो. आणि पाचव्या-सहाव्या वायरीवर कोण होतं?”

“जुळ्या डिस्क,” बारकी म्हणाली.

“जुळ्या डिस्क! चोर तिजोरी लुटायला पोतं घेऊन आला आणि ते पोतंच तिजोरीच्या दारात अडकवून बसला. काडी शर्यतीनंतर पुसून कोरी केलेली, तिच्यावर काही लिहिलेलं नाही, त्यामुळे पडद्यावर तीही दिसत नाही. दिसतं एवढंच की गेंडा नाही. चोराला वाटलं, आपल्या हातून डिस्क मेल्या. म्हणून ते बंद, चालू, बंद, चालू. मग झाकण लावून पळ. कोण, ते मला माहीत नाही.”

“मला माहीत आहे,” बारकी म्हणाली.

तिने प्रीव्ह्यूच्या डिस्ककडे बोट दाखवलं.

“प्रीव्ह्यू. सकाळी सगळे म्हणाले, नशीब, प्रीव्ह्यू आहेत. नशीब कसलं? दर आठवड्याला काम संपलं की प्रीव्ह्यू पुसून टाकायचे, हा इथला रिवाज आहे. ते परत बनवता येतात, म्हणून जागा मोकळी करायची. दर सोमवारी मी ती डिस्क बघते, आणि दर सोमवारी ती रिकामी असते. आज काठोकाठ भरलेली होती. दोन वर्षांत पहिल्यांदा! मी सकाळी घाबरले होते, डोक्यात शिरलंच नाही. ते परत बनवता येतात, पण कशापासून? मूळ चित्रपटापासून. मूळ चित्रपट गेलाय हे ज्याला रविवारीच कळलं होतं, तोच माणूस प्रीव्ह्यू पुसणार नाही. गेंड्याचं तेवढंच काय ते उरलंय, हे त्यालाच ठाऊक होतं. आणि प्रीव्ह्यू पुसणारं माणूस एकच आहे.”

कोणी वळून बघितलं नाही. बघायची गरजच पडली नाही. एडिटरबाई हळूच खुर्चीवर बसल्या.

“तुम्ही म्हणालात, नेहमीसारखं सगळं आवरलं,” बारकी म्हणाली. “नेहमीसारखं आवरलं असतंत तर ते प्रीव्ह्यू नसते, बाई.”

६. टेक दोन

“विकायला नाही,” एडिटरबाई म्हणाल्या. शाल त्यांनी मुठीत गच्च धरली होती. “देवाशप्पथ, विकायला नाही. मालक जुळ्या डिस्क मोडीत काढणार, सगळं काड्यांवर टाकणार, आणि बाहेर प्रत ठेवा म्हटलं की जांभई देणार. एक काडी मेली असती तर? दोन वर्षं माझी! मला एक प्रत घरी कपाटात ठेवायची होती, बस. शनिवारी बारकी बसवत होती, मी टॉर्च धरला होता, वाटलं सोपं आहे. मेहुणेसाहेब खुर्चीत झोपलेले, पेटीतून काडी काढली. बसवली आणि गेंडा गेला. वाटलं, माझा हात लागला म्हणून मेला. आणखी हात लावायची छाती झाली नाही. तेवढ्यात भिंतीवर गुद्दे आणि पलीकडे कोणाची तरी शीळ...”

“प्रत करण्याबद्दल कोण बोलतंय?” बारकी म्हणाली. “प्रत तर मीच केली असती, कोणी करू दिली असती तर. पण सकाळी हे मला हाकलत होते तेव्हा तुम्ही काय केलंत? पाणी दिलंत. मी तुमच्या हातचं ते पाणी प्यायले, बाई!”

बाईंनी मान खाली घातली.

बारकीने काडी काढली. कार्ड जागेवर बसवलं. मशीन चालू केलं. पंखा बोंबलला. पडदा उजळला.

‘गेंडा’.

मग जो काही कल्ला झाला! रंगवणाऱ्या मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या, भोंग्याने आनंदाने एक डरकाळी फोडली आणि मेहुणेसाहेबही टाळ्या वाजवत होते, जणू काडी त्यांनीच काढली. मालकांचा चेहरा पुन्हा गोल आणि गुलाबी झाला.

“चला, चला!” ते हात चोळत म्हणाले. “मिळालं ना? झालं तर! जाऊ दे, विसरून जाऊ. बारके, बस कामाला.”

खुर्ची रिकामी होती. बारकी बसली नाही.

“तुम्ही जे बोललात ते सगळ्यांसमोर बोललात,” ती म्हणाली. “आता सगळे आहेतच.”

मालकांनी इकडेतिकडे बघितलं. आत्या भिंतीला टेकून नखं न्याहाळत होती. मदत करायचा तिचा काडीइतकाही विचार नव्हता. पुतणीचं नीट चाललं होतं.

“हो, म्हणजे...” मालक छताकडे बघत पुटपुटले, “माणसाची चूक होते.”

“कुठल्या माणसाची?”

जुळ्या डिस्क गुणगुणत होत्या.

“माझी.” हा शब्द त्यांच्या तोंडातून दात काढल्यासारखा बाहेर आला. “तिची काही चूक नव्हती. माझी होती.”

“आवाजाची लेव्हल फार कमी आली, सर,” भोंगा गंभीरपणे म्हणाला. “टेक दोन घ्यावा लागेल.”

सगळे वाट बघत होते. मालकांनी छाती भरून घेतली आणि बाहेर रिसेप्शनपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की बारकीची चूक नव्हती, चूक त्यांची होती.

“ठीक आहे,” बारकी म्हणाली, आणि मग बसली.

गर्दी पांगली. एडिटरबाईंनी पेन्सिली गोळा केल्या, खांद्याला पिशवी लावली आणि त्या दाराशी जाऊन थांबल्या. कोणी जा म्हणालं नव्हतं. कोणी थांबा म्हणालं नव्हतं. बारकी पडद्याकडेच बघत राहिली. तिला बाईंचा राग होता, आणि तो आज जाणार नव्हता, उद्याही नाही.

“मी तुमच्याशी बोलणार नाहीये,” ती मागे न वळता म्हणाली. “कितीतरी दिवस. पण मला ती दृश्यं जोडता येत नाहीत, आणि गुरुवार जवळ आलाय.”

दाराशी पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला.